टेड स्टीव्हन्स: आधी दोषी, मग पराभूत, आणि मग खटलाच रद्द

अमेरिकेतल्या बड्या राजकारण्यांवरचे खटले आता मराठी बातम्यांतही नेहमी दिसतात. घरात रोकड आणि सोन्याच्या विटा सापडलेले न्यू जर्सीचे माजी सिनेटर बॉब मेनेंडेझ यांना जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ती बातमी आपल्याकडेही चवीने वाचली गेली. अशा खटल्यांच्या बातम्यांत एक गोष्ट हटकून येते: सरकारी वकिलांनी पुरावा दडवला, म्हणून खटला रद्द करा, अशी आरोपीच्या वकिलांची मागणी. वाचणाऱ्याला वाटतं, ही सरळसरळ पळवाट आहे. माणूस दोषी ठरलाय ना? मग वकिलांच्या चुकीचा फायदा त्याला का मिळावा?

हे समजून घ्यायला अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ४० वर्षं सिनेटमध्ये काढलेला हा माणूस ऑक्टोबर २००८ मध्ये सातही आरोपांत दोषी ठरला. आठ दिवसांनी निवडणूक हरला. पुढच्या एप्रिलमध्ये खटलाच रद्द झाला, आणि तोही सरकारनेच तशी विनंती केल्यामुळे. त्यानंतर सोळा महिन्यांनी ते विमान अपघातात गेले. स्टीव्हन्स धुतल्या तांदळासारखे होते, असं मला वाटत नाही. पण त्यांना दोषी ठरवण्यासाठी सरकारने जे केलं, ते त्यांच्यावरच्या आरोपांपेक्षा जास्त गंभीर होतं, हे मत मात्र कागदपत्रं वाचल्यावर पक्कं होतं.

## सिनेटर म्हणजे किती मोठा माणूस?

आपली राज्यसभा डोळ्यांसमोर आणली तर इथे गफलत होते. राज्यसभेत राज्याच्या लोकसंख्येनुसार जागा मिळतात आणि आमदार मत देतात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा, राज्य लहान असो की मोठं, आणि निवडून देतात थेट मतदार, सहा वर्षांसाठी. जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचे दोन, आणि जेमतेम सात लाखांच्या अलास्काचेही दोनच. एकूण १०० जण. त्यामुळे लहान राज्यातून येऊन वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या सिनेटरचं वजन त्याच्या मतदारसंख्येच्या मानाने अफाट होतं.

याला जोड मिळते ज्येष्ठतेची. तिथे खरं काम समित्यांमध्ये चालतं आणि समितीचं अध्यक्षपद बहुमतवाल्या पक्षातल्या ज्येष्ठ सदस्याकडे जातं. सगळ्यात वजनदार समित्यांपैकी एक म्हणजे विनियोजन समिती, म्हणजे सरकारी तिजोरीतून कशावर किती खर्च करायचा हे ठरवणारी. १९९७ ते २००५ या काळात, मधला दीड-दोन वर्षांचा खंड सोडला तर, या समितीचे अध्यक्ष स्टीव्हन्स होते. पुढे ते सिनेटचे 'हंगामी अध्यक्ष'ही झाले. हे पद बहुमतातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला मिळतं आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसाक्रमात तिसरं असतं.

## अलास्कासाठी त्यांनी काय केलं?

स्टीव्हन्स मूळचे अलास्काचे नव्हते. जन्म १९२३ चा, इंडियानापोलिसचा. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर त्यांनी मालवाहू विमानं चालवली. हार्वर्डमधून वकील होऊन १९५३ मध्ये ते अलास्कात पोहोचले. तेव्हा ते राज्यही नव्हतं, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होता. पुढे वॉशिंग्टनमध्ये गृह खात्यात काम करताना (तिथलं हे खातं पोलिसांचं नसून सरकारी जमिनी आणि खनिजांचं) अलास्काला राज्याचा दर्जा मिळावा म्हणून त्यांनी पडद्यामागून जोर लावला. १९५९ मध्ये अलास्का ४९वं राज्य झालं. १९६८ च्या डिसेंबरमध्ये एका सिनेटरच्या निधनाने रिकामी झालेली जागा गव्हर्नरांनी त्यांना दिली, आणि ती त्यांनी २००९ च्या जानेवारीपर्यंत सोडली नाही.

या काळातली कामं खरोखर मोठी आहेत. मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कांचा १९७१ चा कायदा, तेलवाहिनीला मंजुरी देणारा १९७३ चा कायदा, किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतची मासेमारी परदेशी जहाजांपासून राखणारा १९७६ चा कायदा, ज्याला आजही त्यांचं नाव आहे. जिथे रस्ताच जात नाही अशा वस्त्यांना टपाल आणि विमानसेवा मिळत राहावी, यासाठी त्यांनी पैसा खेचून आणला. १९७८ मध्ये अँकरेजच्या विमानतळावर झालेल्या अपघातात त्यांची पहिली पत्नी गेली, ते स्वतः वाचले. पुढे त्याच विमानतळाला त्यांचं नाव दिलं गेलं. २००० साली 'शतकातला अलास्कन' हा मानही त्यांना मिळाला.

स्वभाव तिखट. सभागृहात मोठी लढाई असली की 'इन्क्रेडिबल हल्क'चं चित्र असलेला टाय घालून यायचे. २००५ मध्ये केचिकन गावातून समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर पूल बांधायला २२ कोटींहून जास्त डॉलर मंजूर झाले. बेटावर गावचा विमानतळ होता, पण वस्ती सुमारे ५० माणसांची, आणि फेरीबोट चालू होती. देशभर टिंगल झाली, 'कुठेच न जाणारा पूल' असं नावच पडलं. कतरिना वादळानंतर हा पैसा लुईझियानातल्या मोडलेल्या पुलाला द्या, अशी दुरुस्ती एका सिनेटरने मांडली, तर हे मंजूर केलंत तर राजीनामा देईन म्हणून स्टीव्हन्स गरजले. दुरुस्ती ८२ विरुद्ध १५ मतांनी पडली. पूल काही झाला नाही, पण तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं.

बाहेरच्यांना ही उधळपट्टी वाटायची. अलास्कात त्यांना 'अंकल टेड' म्हणत. दोन्ही बरोबरच होतं म्हणा.

## गर्डवुडचं घर

अँकरेजपासून तासाभराच्या अंतरावर गर्डवुड नावाचं बर्फावरच्या खेळांचं गाव आहे. तिथे स्टीव्हन्स पती-पत्नींचं एक छोटं लाकडी घर होतं. नातवंडं येऊ लागली, जागा पुरेना. २००० साली काम काढलं ते असं: घर जॅकवर उचललं आणि त्याच्याखाली नवा तळमजला बांधला. जुनं घर झालं वरचा मजला. पुढे सज्जे, जिना, विजेचं काम.

या कामावर देखरेख आणि बरीचशी मजुरी आली ती व्हेको या कंपनीकडून. तेलविहिरींच्या कामांची कंत्राटं घेणारी ही अलास्कातली बडी कंपनी. मालक बिल अॅलन, स्टीव्हन्स यांचा जुना मित्र. दोघं एकत्र सहलीला जायचे, रेसच्या घोड्यात भागीदारी होती. व्हेकोकडे घरं बांधण्याचा अनुभव नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरकामाची बिलं स्टीव्हन्स दाम्पत्याने भरली, सुमारे १,६०,००० डॉलर. पण ती वेगळ्या बिल्डरची आणि इतर पुरवठादारांची. व्हेकोच्या माणसांच्या कामाचं बिल आलंच नाही. शिवाय जनरेटर, गॅसची शेगडी, झाडांवरची दिव्यांची रोषणाई. वॉशिंग्टनच्या घरात एक मसाजची खुर्ची, सुमारे २,७०० डॉलरची, गर्डवुडच्या एका हॉटेलवाल्या मित्राने पाठवलेली. ही खुर्ची भेट नसून उसनी आहे, असं स्टीव्हन्स यांनी पुढे शपथेवर सांगितलं. सात वर्षं उसनी! सरकारी वकील बाईंनी उलटतपासणीत त्या खुर्चीवरून त्यांना असं धरलं की वाचतानाही अवघडायला होतं.

## लाच घेतली नव्हती, मग गुन्हा कोणता?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. स्टीव्हन्स यांच्यावर लाचेचा आरोप नव्हताच. मेनेंडेझ प्रकरणात 'हे घेतलं आणि त्याबदल्यात ते केलं' असं सरकारला सिद्ध करायचं होतं. स्टीव्हन्स यांच्या आरोपपत्रात मोबदला म्हणून अमुक काम केलं, हा आरोप ठेवलेला नाही.

वॉटरगेट घोटाळ्यानंतर, १९७८ मध्ये आलेल्या कायद्यानुसार प्रत्येक सिनेटरला दरवर्षी एक विवरणपत्र भरावं लागतं: मालमत्ता, कर्ज आणि ठरावीक रकमेवरच्या भेटवस्तू. १९९९ ते २००६ या काळात अडीच लाखांहून जास्त डॉलरच्या भेटी आणि फुकटची कामं स्टीव्हन्स यांनी त्यात दाखवली नाहीत, असे सात आरोप २९ जुलै २००८ ला ठेवले गेले. थोडक्यात, सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं.

'जाणूनबुजून' हा इथला कळीचा मुद्दा. फॉर्ममध्ये नोंद नाही, हे कोणीही दाखवू शकतं. पण व्हेकोचं काम फुकट होतंय हे स्टीव्हन्स यांना ठाऊक होतं का? की बिलं भरली जाताहेत, त्यातच सगळं आलं, अशी त्यांची समजूत होती? ते स्वतः म्हणत, घरातलं सगळं पत्नी बघते. खटला उभा होता तो या एका गोष्टीवर.

## खटल्याची घाई कोणाला होती?

स्टीव्हन्स यांनाच. नोव्हेंबरच्या ४ तारखेला निवडणूक होती, त्याआधी निर्दोष सुटून प्रचाराला जायचं, असा त्यांचा हिशोब. कायद्याने दिलेला जलद सुनावणीचा हक्क त्यांनी मागितला. सरकारी वकिलांनाही तयारी उरकावी लागली. सप्टेंबरच्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश एमेट सलिव्हन यांच्यापुढे खटला उभा राहिला. (आरोपीचे मुख्य वकीलही सलिव्हनच, ब्रेंडन. नाती काही नाहीत.) माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी स्टीव्हन्स यांच्या सचोटीची साक्ष दिली. ज्युरीचा, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा, विचारविनिमय चालू असताना त्यातल्या एक सदस्य वडील वारले म्हणून कॅलिफोर्नियाला निघून गेल्या. नंतर कळलं की त्या घोड्यांच्या शर्यतीला गेल्या होत्या.

बचावाकडे एक हुकमी पत्ता होता. ६ ऑक्टोबर २००२ ची, स्टीव्हन्स यांच्या हस्ताक्षरातली, अॅलनला लिहिलेली चिठ्ठी. मतितार्थ असा: घराच्या कामाबद्दल आभार, पण मला बिल यायचं बाकी आहे, टोरिचेलीचं काय झालं ते आठव, मैत्री वेगळी आणि नियम पाळणं वेगळं. भेटवस्तूंच्याच प्रकरणात अडकलेले न्यू जर्सीचे सिनेटर टोरिचेली यांनी त्याच आठवड्यात निवडणुकीतून अंग काढून घेतलं होतं. म्हणजे खटल्याच्या सहा वर्षं आधी स्टीव्हन्स लेखी बिल मागत होते. फुकट घ्यायचं असतं तर कोण बिल मागेल?

अॅलन सरकारचा मुख्य साक्षीदार. राज्याच्या आमदारांना लाच दिल्याची कबुली त्याने २००७ मध्येच दिली होती आणि शिक्षा कमी व्हावी या आशेने तो सरकारला मदत करत होता. चिठ्ठीबद्दल विचारल्यावर त्याने सांगितलं की, त्या हॉटेलवाल्या मित्राकडे मी विषय काढला, तर तो म्हणाला, बिलाचं मनावर घेऊ नकोस, टेड नुसती स्वतःची कातडी वाचवतोय.

या एका वाक्याने पारडं फिरलं. बचावाचा सर्वांत भक्कम कागद एका फटक्यात लबाडीचा पुरावा झाला. बचावाच्या वकिलाने विचारलं, हे तू सरकारला सांगायला कधीपासून लागलास? हे आत्ताचं नाही, असा अॅलनच्या उत्तराचा रोख होता.

२७ ऑक्टोबरला ज्युरीने सातही आरोपांत दोषी ठरवलं. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवार, अलास्काच्या तेव्हाच्या गव्हर्नर सेरा पेलिन, दोघांनीही त्यांनी पायउतार व्हावं असं जाहीर सांगितलं.

## 'ब्रेडी नियम' म्हणजे काय?

१९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रेडी विरुद्ध मेरिलँड या खटल्यात एक दंडक घालून दिला: आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारकडे असेल, तर तो आरोपीला द्यायलाच हवा. नंतर यात साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी माहितीही धरली गेली.

भाऊबंदकीतल्या जमिनीच्या वादात दप्तर असतं तलाठ्याकडे. समजा तोच तलाठी थोरल्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, सात-बारा दाखवला, पण धाकट्याचा हिस्सा मान्य करणारा फेरफार ज्या पानावर आहे ते पान उलटलंच नाही. न्यायाधीशासमोर आलेले सगळे कागद खरेच असतील, आणि तरीही निकाल चुकीचा लागेल. धाकटा ते पान कुठून आणणार? फौजदारी खटल्यात पोलीस, झडतीची परवानगी, साक्षीदारांचे जबाब, सगळं दप्तर सरकारच्या हाती असतं. म्हणून जबाबदारीही सरकारवर.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. आरोपपत्रासोबत ज्यांचा आधार घेतलाय ते कागद आरोपीला मिळतात. पण जे गोळा केले आणि वापरले नाहीत, त्यांचं काय? २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने, अशा न वापरलेल्या जबाबांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यावी, असे निर्देश दिले.

## मग नेमकं काय दडवलं होतं?

पहिलं, आणि सर्वांत गंभीर. १५ एप्रिल २००८ ला, म्हणजे खटल्याच्या पाच महिने आधी, सरकारी वकिलांनी अॅलनला त्याच चिठ्ठीबद्दल विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला, त्या मित्राशी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. कातडी वाचवण्याचं वाक्य त्याने पहिल्यांदा सांगितलं ते सप्टेंबरमध्ये, खटला तोंडावर आल्यावर. एप्रिलच्या भेटीची हाताने लिहिलेली टिपणं होती, ती बचावाला दिली गेली नाहीत. आणि हे आत्ताचं नाही, असं अॅलनने सुचवलं, तेव्हा ते खोटं आहे हे ठाऊक असायला हवं होतं असे लोक न्यायालयातच बसले होते. कोणी उठून दुरुस्त केलं नाही.

दुसरं, त्याच एप्रिलच्या भेटीत व्हेकोच्या कामाची किंमत अॅलनने ८०,००० डॉलरच्या आसपास सांगितली होती. आरोपपत्रातला आकडा त्याच्या तिपटीहून मोठा.

तिसरं, व्हेकोचा एक फोरमन. आपले तास त्या दुसऱ्या बिल्डरच्या बिलातच धरले गेलेत, अशी त्याची समजूत होती. म्हणजे स्टीव्हन्स दाम्पत्याने ते पैसे भरलेच, निदान तसं त्यांना वाटणं साहजिक होतं. या माणसाला साक्षीसाठी वॉशिंग्टनला आणलं आणि न बोलावताच अलास्काला परत पाठवलं. कारण दिलं त्याच्या तब्येतीचं, आणि तब्येत खरंच वाईट होती. पण तो काय सांगणार होता, हे बचावाला कळलं नाही.

चौथं, एका जुन्या प्रकरणात अॅलनने दुसऱ्या व्यक्तीकडून खोटं शपथपत्र लिहवून घेतल्याची माहिती. ज्याच्या शब्दावर खटला उभा आहे, त्याच्याबद्दलची ही गोष्ट ज्युरीला कळायला नको होती?

हे बाहेर आलं ते तपासातल्या एका एफबीआय अधिकाऱ्याने डिसेंबरमध्ये लेखी तक्रार केली म्हणून, आणि न्यायाधीशांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी सरकारी वकिलांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. मग न्याय खात्याने नवे वकील नेमले, आणि दप्तर चाळताना त्यांना ती एप्रिलची टिपणं सापडली. १ एप्रिलला अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एरिक होल्डर यांनी खटला मागे घेत असल्याचं कळवलं. ७ तारखेला न्यायाधीश सलिव्हन यांनी निकाल रद्द केला. जवळपास पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत इतका गैरव्यवहार आपण पाहिला नाही, असं ते भर न्यायालयात म्हणाले.

यातली खोच अशी की खटला चालवणारा न्याय खात्याचा विभाग १९७६ मध्ये स्थापन झाला तो लोकप्रतिनिधींच्या सचोटीवर लक्ष ठेवायला.

## 'म्हणजे ते निर्दोष होते?'

निर्दोष ठरवले गेले नाहीत. खटला रद्द झाला, म्हणजे कायद्याच्या नजरेत दोषाचा शिक्का पुसला गेला. पण खुर्ची घरात होती ती होतीच. जनरेटर होता. तेलकंपनीच्या मालकाची माणसं सिनेटरच्या घराखाली मजला घालत होती, यातही शंका नाही. विनियोजन समितीच्या अध्यक्षाने हे होऊ द्यायला नको होतं, असं मला वाटतं, बिल आलं असो वा नसो. बिल येत नाही म्हटल्यावर वर्षानुवर्षं स्वस्थ बसायचं, हेही पटत नाही.

पण हा झाला आपला नैतिक निवाडा. 'जाणूनबुजून' लपवलं का, या प्रश्नाचं उत्तर मिळवायची एकच रीत होती, सगळा पुरावा समोर ठेवून ज्युरीला विचारणं. ती संधी सरकारी वकिलांनी स्वतःच घालवली. पुन्हा खटला भरायचाही मार्ग होता. सरकारने तो घेतला नाही. पळवाट म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की, एप्रिलचं टिपण ज्युरीने पाहिलं असतं तर त्या चिठ्ठीचा अर्थ त्यांनी कसा लावला असता?

## 'हे पक्षीय राजकारण असणार'

तर्क सोपा आहे, पण बसत नाही. स्टीव्हन्स रिपब्लिकन. आरोपपत्र दाखल झालं तेव्हा सरकार बुश यांचं, म्हणजे रिपब्लिकनच. खटला मागे घेतला तो ओबामांच्या डेमोक्रॅटिक सरकारने. स्वतःच्या पक्षाच्या ज्येष्ठाला अडकवायचं आणि विरोधकांनी त्याला सोडवायचं, असं कटकारस्थान कोण रचेल? प्रत्यक्षात दिसतो तो जिंकण्याचा हव्यास, तुटपुंजा वेळ आणि ढिसाळ देखरेख. याच तपासातून दोषी ठरलेल्या अलास्काच्या दोन माजी आमदारांचे निकालही पुढे पुरावा न दिल्याच्या कारणानेच रद्द झाले. त्यांनी नंतर कमी गंभीर आरोपांत कबुली दिली.

## ३,९५३ मतं

न्यायालयाने निकाल पुसला, मतदानाचा निकाल कोण पुसणार? तीन लाखांहून जास्त मतांत स्टीव्हन्स ३,९५३ मतांनी हरले, अँकरेजचे महापौर, डेमोक्रॅट मार्क बेगिच यांच्याकडून. दोषी ठरून आठ दिवस झालेल्या ८४ वर्षांच्या उमेदवाराला इतकी मतं पडली. खटला नसता तर ते जिंकलेच असते, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही; एफबीआयने २००७ मध्येच त्यांच्या घराची झडती घेतली होती आणि तो डाग होताच. तरी दोषी ठरल्याच्या बातमीने चार हजार मतंही फिरवली नसतील, हे पटायला अवघड आहे. खटला रद्द झाल्यावर बेगिच यांनी राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक घ्यावी, अशी मागणी अलास्कातल्या रिपब्लिकनांनी केली. कायद्यात तशी काही सोय नाही.

याचे पडसाद अलास्कापुरते राहिले नाहीत. सिनेटमध्ये अल्पमतातला पक्ष चर्चा लांबवत ठेवून विधेयक अडवू शकतो. ही कोंडी फोडायला १०० पैकी ६० मतं लागतात. २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याला रिपब्लिकनांचा एकजात विरोध होता. डेमोक्रॅट आणि त्यांच्या सोबतचे अपक्ष मिळून बरोबर ६०, एकही जास्त नाही. २४ डिसेंबरला विधेयक ६० विरुद्ध ३९ ने पार पडलं. त्या साठांत बेगिच होते.

स्टीव्हन्स ९ ऑगस्ट २०१० ला गेले. मासेमारीला निघालेलं छोटं विमान दक्षिण-पश्चिम अलास्कात डिलिंगहॅमजवळच्या डोंगरावर आदळलं. नऊपैकी पाच जण दगावले.

## आणि त्या वकिलांचं काय झालं?

न्यायाधीश सलिव्हन यांनी हेन्री शुल्के या वकिलाला स्वतंत्र चौकशीसाठी नेमलं. मार्च २०१२ मध्ये ५०० हून जास्त पानांचा अहवाल खुला झाला. आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा पद्धतशीरपणे दडवला गेला, असा त्याचा निष्कर्ष. दडवण्यातला काही भाग हेतुपुरस्सर होता, असंही त्यात आहे. सरकारी वकिलांच्या संघातल्या एका तरुण वकिलाने चौकशी चालू असतानाच आत्महत्या केली होती.

तरीही कोणावर फौजदारी खटला भरा, अशी शिफारस शुल्के यांनी केली नाही. कारण वाचून डोकं धरावंसं वाटतं: हा पुरावा द्या, असा स्पष्ट आदेश न्यायाधीशांनी दिलाच नव्हता. आम्हाला आमचं कर्तव्य माहीत आहे, असं सरकारी वकील वारंवार सांगत राहिले आणि न्यायाधीशांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आदेश नाही, तर आदेशाचा भंग नाही, तर अवमानाचा गुन्हाही नाही. न्याय खात्याने दोघा वकिलांना ४० आणि १५ दिवस बिनपगारी घरी बसवायचं ठरवलं. शिस्तभंगाची कार्यवाही खात्याच्याच नियमांप्रमाणे झाली नाही, म्हणून तीही शिक्षा पुढे टिकली नाही.

ही फट बुजवायला ऑक्टोबर २०२० उजाडावा लागला. त्या महिन्यात झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक केंद्रीय फौजदारी खटल्यात, सरकारी वकील आणि बचावाचे वकील पहिल्यांदा समोर येतील त्याच दिवशी, न्यायाधीशाने तोंडी आणि लेखी आदेश द्यायचा: ब्रेडी नियम पाळा, नाही पाळला तर हे हे परिणाम होतील. ते विधेयक सिनेटमध्ये मांडणाऱ्यांत अलास्काचे डॅन सलिव्हन होते. या प्रकरणातले हे तिसरे सलिव्हन. २०१४ च्या निवडणुकीत त्यांनी हरवलं होतं ते बेगिच यांना.